नेपाळला निघालो, आष्टीला पोचलो

जालन्याहून मोटारसायकलनं नेपाळला जायचं असेल, तर रस्ता आष्टीवरून जातो. नकाशात तसं दिसत नाही, पण आम्ही गेलो तो तसाच. (आष्टी परतूर तालुक्यात, म्हणजे जालन्याच्या खाली दक्षिणेला. नेपाळ कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहेच. आम्हालाही माहीत होतं!)

मूळ कल्पना संगीताची. संगीता म्हणजे माझी बायको. शाळेत भूगोल शिकवते. एका रविवारी मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, अठ्ठावीस वर्षं झाली, पोरांना छडीनं हिमालय दाखवून राह्यले मी. एकदा खरा पाहू द्या ना."

आता यावर नाही कसं म्हणणार? मी चौकशी केली. नागपुरातून आठ मोटारसायकलींचा एक गट निघणार होता, बहुतेक नवरा-बायकोच. रविवारी सकाळी सहाला. गटप्रमुखानं फोनवर तीनदा बजावलं, "सहा म्हणजे सहा. जो नसेल त्याला सोडून जाणार." म्हणजे आम्हाला शनिवारी सकाळीच जालना सोडणं भाग होतं.

मी सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेला माणूस. सामानाची यादी केली. अनुक्रमांक, वस्तू, नग, शेरा. एकूण चौसष्ट वस्तू! पंक्चरचं साहित्य, तंबू, स्टोव्ह, दोरी, दुसरी दोरी (पहिली तुटली तर). आदल्या रविवारी सगळं गाडीवर बांधून पाहिलं. गल्ली जमा झाली. मी कमरेवर हात ठेवून अभिमानानं उभा राहिलो.

"छान," संगीता म्हणाली. "मी कुठं बसू?"

"मागच्या सीटवर."

"सीट कुठंय?"

सीट तंबूखाली होती. चौसष्ट वस्तूंत संगीता नव्हती! मी लगेच पेन काढून तिला चौसष्ट-अ म्हणून घेतलं, पण तेवढ्यानं ती काही खूश झाली नाही. मग तंबू गेला, स्टोव्ह गेला, दुसरी दोरी गेली. त्यांच्या जागी आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आली. काय काढलं आणि काय ठेवलं याचा हिशेब यादीत राहिना. सोमवारपर्यंत कोणत्या डब्यात काय आहे हे एकट्या देवाला माहीत होतं, आणि त्याला विचारायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं.

"शनवारी निघता? अन् त्यात तुझ्या राशीला घातवार?" आईनं पंचांग मिटलं. "बिलकुल न्हाई!"

"आई, तारीख आपल्या हातात न्हाई."

"मंग परस्थान ठेव."

परस्थान म्हणजे काय, हे नव्या लोकांना सांगायला हवं. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग खुशाल वाईट दिवशी निघा आणि वाटेत ते सामान उचला. देवाचीही हरकत नाही आणि गटप्रमुखाचीही नाही.

"अन् नावापुरता रुमाल ठेवू नको," आई म्हणाली. "ज्याच्याबिगर तुझं पाऊल पुढं पडणार न्हाई, असं काहीतरी ठेव. तुझ्या बापानं रुमाल ठेवल्ता."

"मंग काय झालं?"

"बदली."

नेपाळची दिशा उत्तर. उत्तरेला आमचं राजूर. तिथं गणपतीच्या देवळाजवळ माझा मावसभाऊ दिगंबर याचं नारळ-पेढ्यांचं दुकान आहे. गाडीची पूजाही तिथंच करायची होती. सगळं कसं बराबर जुळलं! मी नवी, पाणी न शिरणारी प्रवासी बॅग काढली. आईनं ती दोन बोटांनी बाजूला सारली. "रबराचं चालत न्हाई." मग खुंटीवरची लाल कापडी पिशवी दिली. जुन्या जालन्यातल्या ज्या दुकानातून आमचं सगळं गणगोत लग्नाचे कपडे घेतं, त्या दुकानाची ती पिशवी. आमच्या प्रत्येक नातेवाइकाच्या खुंटीला अशी एक तरी असतेच. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

पिशवीत आईनं तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं. मी थंडीसाठी घेतलेली लोकरी विजार घातली. आणि आईच्या त्या वाक्याचा विचार करून शेवटच्या क्षणी आणखी एक वस्तू घातली. बुधवारी राजूरला जाऊन पूजा केली, गाडीला हार घातला, पिशवी दिगंबरच्या गल्ल्याखाली ठेवली आणि ती शेवटची वस्तू कोणती, हे मी घरी येईपर्यंत साफ विसरलो.

शनिवारी सकाळी सहाला गल्ली पुन्हा जमली. आईनं ओवाळलं. मी हेल्मेट घातलं, गाडी चालू केली.

"कागदं घेतले?" संगीतानं विचारलं.

"घेतले."

"कुठंयत?"

"सुरक्षित जागी."

"कोणत्या?"

इथं माझ्या हेल्मेटात एकदम गरम व्हायला लागलं. गाडीचं आरसी कार्ड, माझं लायसन्स, दोघांची मतदार ओळखपत्रं आणि गाडीची जादा किल्ली, हे सगळं एका निळ्या पाकिटात होतं. त्याच्याशिवाय सीमेवर कोणी उभं केलं नसतं. मी डबा उघडला: धपाटे. दुसरा उघडला: पहिली दोरी. भर गल्लीत सगळं सामान मांडलं, त्यात दोन तास गेले. माझे बनियन शेजारच्या जोशीकाकूंनी घड्या घालून परत दिले. मी संगीतावर चिडलो, मग आईवर चिडलो, मग ज्यानं पाकिटाला निळा रंग दिला त्याच्यावर चिडलो.

आईनं चहाची बशी खाली ठेवली. "परस्थानात काय ठेवलंस रे अरुण्या?"

अख्खी गल्ली माझ्याकडे वळली.

"बघ," मी संगीताला म्हणालो, "आईच्या म्हणण्याप्रमाणेच केलं. राजूर वाटेतच ए. उचलू अन् जाऊ!" खरं तर राजूर तसं वाटेत नव्हतं, पण त्या वेळी सगळीच उत्तर मला वाटेत वाटत होती. लोकांनी हात हलवले, आम्ही निघालो.

राजूरला दिगंबरच्या दुकानाला कुलूप! शेजारच्या फुलवाल्या मावशींकडे किल्ली होती.

"दिगू पहाटंच आष्टीला गेला ना. त्याच्या मेव्हण्याचं लगीन ए आज."

त्यांनी दुकान उघडलं. गल्ल्याखाली लाल पिशवी होती. माझा जीव भांड्यात पडला. मी हात घातला आणि बाहेर काढली एक साडी. मग फेटा. मग पितळेची समई.

"विजार न्हाई," मी म्हणालो.

"आहेराची पिशवी ए ही," संगीता म्हणाली. "तुमची ते घेऊन गेले."

मी दिगंबरला फोन लावला. पलीकडून बँड ऐकू आला आणि त्यात दिगंबर ओरडला, "दादा? आवाज येऊन न्हाई राह्यला! साडेबाराचं लग्न ए! या जेवायला!" फोन बंद.

संगीता गाडीशेजारी उभी होती. तिनं दिशा पाहिली, घड्याळ पाहिलं. "आष्टी शंभर किलोमीटर असंल," ती म्हणाली. "उलटी." मग हात उचलून, वर्गात दाखवते तसा, उत्तरेकडे केला. "हिमालय तिकडं ए." एवढंच. ती भांडली असती तर मी निभावलं असतं. पण ती भांडली नाही, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली. हिला एकदा हिमालय दाखवायचा होता, आणि मी तेवढंही धड करत नव्हतो.

परत जाताना रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जातो. निरोप देणारी मंडळी अजून तिथंच गप्पा मारत होती. मी हेल्मेटची काच खाली केली. पण समई मांडीवर धरून मागे बसलेली बाई जालन्यात ओळखू येत नाही असं होत नाही.

"अहो, नेपाळ तिकडं ए ना?" जोशीकाकू ओरडल्या.

संगीतानं समईचाच हात हलवला. दुसऱ्यांदा निरोप मिळाला.

आष्टीला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि आहेर चालू होता. मांडवाबाहेर गाडी लावतो न लावतो, तोच माईकवर एक खणखणीत आवाज आला.

"राजूरचे दाजी, दिगंबरराव यांच्याकडून नवरदेवाला एक विजार!" थोडी शांतता. "गरम!" मग आणखी थोडी शांतता, आणि मग तो माणूस किंचाळलाच. "थांबा मंडळी, खाली पाकिटात चावी ए! अन् गाडीचं कार्ड! दाजींकडून नवरदेवाला मोटारसायकल!"

टाळ्या! शिट्ट्या! बँडवाल्यांनी आपण होऊन सुरुवात केली. कार्डावर नाव कोणाचं, हे वाचायला कोणाला सवड होती? मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं आणि मोटारसायकल कुठंय म्हणून बाहेर धाव घेतली. बाहेर मी उभा! शेजारी गणपतीचा हार घातलेली, धुऊन पुसून चकचकीत केलेली गाडी!

"दाजींचा माणूस गाडी घेऊन आला बी!"

मी तोंड उघडेपर्यंत नवरदेव गाडीवर, नवरी मागच्या सीटवर, आणि पुढच्या काचेवर दोघांच्या नावांचा चमकीचा कागद चिकटलेला. फोटो सुरू. गर्दीतून दिगंबर आला. त्याचा चेहरा आमच्या विजारीसारखा राखाडी झाला होता.

"दादा," तो माझ्या कानात म्हणाला, "आता खरंच घ्यावी लागते काय मला?"

मी म्हणालो, "ऐका, ऐका, मंडळी," पण माझं कोणी ऐकेना. (कार्यालयातही ऐकत नाहीत.) एवढ्यात माईकमधून आवाज आला.

"सगळ्यांनी हाताची घडी!"

संगीता. अठ्ठावीस वर्षांचा आवाज तो. चारशे माणसांचा मांडव गप्प झाला. आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. काही जणांनी खरोखरच हाताची घडी घातली, त्यात मीही होतो.

"ही गाडी आमची ए," ती म्हणाली. "तुमचा आहेर ही समई ए. पिशव्यांची अदलाबदल झाली. उद्या सकाळी सहाला मला नागपुरात पाहिजे, मला हिमालय पाहायचाय. नवरदेव, खाली उतरा."

नवरदेव उतरला. बिचाऱ्यानं जाता जाता किल्लीही पुसून दिली. निळं पाकीट संगीतानं घेतलं, ते थेट स्वतःच्या जाकिटाच्या आत गेलं. मग "पंगतीला न बसता कसं जाता?" या भांडणात पाऊण तास गेला, आणि आम्ही वरण-भात गिळून निघालो. आष्टीहून नागपूर कसं गाठलं ते विचारू नका. पण रविवारी सहाला रांगेत आमची आठवी गाडी होती. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं काचेवरचा चमकीचा कागद पाहून आमचं अभिनंदन केलं आणि कागदपत्रं मागितली. मी सगळे खिसे चाचपले. संगीतानं पाकीट पुढं केलं. दोन दिवसांनी एका वळणावर तिनं माझ्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. समोर बर्फ होता, सगळाच्या सगळा. ती गाडीवरून उतरली. बराच वेळ बोट वर करून उभी होती, छडी नसताना.

आता पुढच्या वर्षी भूतान. गाडी चालवायला संगीता शिकून राह्यलीय. आईनं दिवस पाहिलाय, वाईटच आहे, म्हणून परस्थान आलंच. फक्त सासू-सुनेनं मिळून नियम बदललाय: यावेळी वस्तू अशी ठेवायची, जिच्यावाचून कोणाचं काहीही अडत नाही.

बुधवारी मला राजूरला नेऊन ठेवणार आहेत.