कंकणद्वीप, डेकवरून

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर कंकणद्वीप, म्हणजे बांगडीसारखं गोल प्रवाळबेट, कितीदा काढलं, पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. डावं अंग लुळं पडल्यावर तीन वर्षं माझा प्रवास सुकापूर ते पनवेल, फिजिओथेरपीपुरता. लक्षद्वीपच्या क्रूझवर व्हीलचेअर चालते असं कळलं आणि मी बुकिंग केलं. बंगळूरच्या मुलाला नंतर सांगितलं.

सोबत विचुंब्याच्या हिराताई. दिवसभर माझी देखभाल करतात, रात्री दुसऱ्या बाई असतात; या वेळी हिराताई मुक्कामालाही आल्या.

जाणार असाल तर रुंद दाराची खोली दोन-तीन महिने आधी मागा, डॉक्टरांचं पत्र घ्या, बाथरूमला उंबरा आहे का विचारा. पनवेलहून टॅक्सीने अटल सेतूवरून बंदर गाठलं. जहाजात चढायला रॅम्प होता. आत मात्र जाड गालिच्यात चाकं रुततात, ढकलणाऱ्याचे हात भरून येतात.

"आमच्या खाडीचं पानी असं नाय," हिराताई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी जहाज बेटापासून लांब थांबलं. पुढे छोट्या बोटीने जायचं होतं. अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, "बोटीत स्वतः पाऊल टाकता येईल?"

"आधार दिला तर."

"आज लाटा आहेत, मॅडम. बोट खालीवर होतेय. आम्ही नेऊ शकत नाही."

हे बुकिंगच्या वेळी कोणी बोललं नव्हतं. तुम्ही नक्की विचारा.

हिराताई खुर्चीशेजारी बसल्या. "मंग मी पन नाय जात."

"तुम्ही जा."

"तुमाला काय लागलं तर?"

"इथे माणसं आहेत. जा."

त्या गेल्या आणि मी घाबरले. तीन वर्षांत मला कोणी दहा मिनिटंही एकटं सोडलं नव्हतं. मग उजव्या हाताने चाक फिरवत, उजव्या पायाने जमीन रेटत डेकच्या कठड्याकडे निघाले. पाऊण तास लागला. समोर गडद निळं पाणी, फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, तिच्या आत खाजणाचं हिरवट, उथळ, संथ पाणी. फळ्यावर पूर्ण गोल काढायचे; इथून त्याची एकच कड दिसत होती. ती मी तीन तास पाहिली. मध्ये कॉफीही मागवली, एकटीने प्यायले.

हिराताई परतल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

"आवडलं?"

"आवडलं, बाई. चार तास मला कोनी हाक नाय मारली."

मी त्यांना दिवसातून किती हाका मारते, ते तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

जायचं ठरवत असाल तर जा, किनारा मिळेलच असं धरून मात्र नको.

आता रोज दुपारी दोन ते चार हिराताई बाहेर जातात. मुलाला ते पटलेलं नाही. पहिल्या दिवशी त्या दारात घुटमळल्या, मग लिफ्टचा आवाज आला. त्या दोन तासांत मी विशेष काही करत नाही. खिडकीपर्यंत जाते, आणि परत येते.