पाव्हण्याचं चित्र

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. उदगीरला शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, तेव्हा पोरं मागून मला काय म्हणायची तेही मला माहीत आहे, पण ते इथं लिहीत नाही. निवृत्त झाल्यावर नांदेडला तरोडा नाक्याच्या अलीकडं दोन खोल्यांचं घर घेतलं. एकटीच राहते. वेळ भरपूर, आणि राग धरून बसायलाही वेळ भरपूर.

शेजारच्या घरात दादा राहतात. मी त्यांना दादाच म्हणते, वयानं आठ-नऊ वर्षांनी मोठे आहेत. रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी रुळाच्या कडेनं चालण्यात गेली. सकाळी सायकल काढताना कुंपणावरून "जयभीम, बाई" म्हणणार, मी "जयभीम, दादा" म्हणणार, मग माझ्या जास्वंदीची चौकशी. त्यांची बायको गेली, पोरगा पुण्याला असतो. एकदा ते आठवडी बाजारातून भाजी घेऊन आले, तर सायकलीच्या मागं एक गावठी कुत्रं चालत आलं. आलं ते राहिलंच. दादांनी त्याचं नाव काही ठेवलं नाही. पहिल्या दिवशी "ओ पाव्हणं, कोणत्या गावचं?" असं विचारलं होतं, तेच पुढं चालू राहिलं. सगळी गल्ली त्याला पाव्हणं म्हणायची. मी सोडून. मी त्याला "हाड" म्हणायची.

आता भिंतीचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी मैदानाची लांब भिंत आहे. शहराच्या स्वच्छतेची पाहणी करायला बाहेरून माणसं येणार होती, म्हणून वॉर्डातल्या भिंती रंगवायचं ठरलं. गल्लीतली मंडळी माझ्याकडं आली. "बाई, तुमच्याशिवाय कोण हाय?" म्हणाली. झालं! एवढं म्हटलं की मी फुगले. कचरा टाकू नका, झाडे लावा, असलं काही लिहिणार नाही म्हणून मी बजावलं. गोदावरीचा घाट काढला. पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, धुणं आपटणाऱ्या बाया, पाण्यात म्हशी. स्टुलावर बसून नऊ दिवस काढत होते. गुडघे पार गेले, पण इतकं चांगलं चित्र माझ्या हातून शाळेत कधी झालं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

दहाव्या दिवशी सकाळी बघते तर खालच्या पायरीवरच्या हिरव्या लुगड्यावर पाव्हण्यानं तंगडी वर केलेली. तो रंग ओघळला होता. मी पुन्हा रंगवलं. त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मी झाडू घेऊन धावले, तेव्हा दादा पाच-सहा जणांबरोबर कट्ट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बाई, रागावू नका. पाव्हण्याला चित्र लई आवडलंय, म्हणून सही करून राहिलंय!"

सगळे हसले. शेजारच्या बाया हसल्या, शाळेला निघालेल्या पोरी हसल्या. दादा चिडवत होते, त्यात वाकडं काहीच नव्हतं, आणि दुसरी एखादी असती तर तीही हसली असती. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर जो भेटेल तो, "बाई, आज सही झाली का?" भाजीवालीसुद्धा. मी वरून हसायची आणि घरात येऊन भांडी आपटायची.

पाहणीला बारा दिवस राहिले असताना दादा पुतणीच्या साखरपुड्याला लातूरला निघाले. पिशवी खांद्याला, धोतर कडक इस्त्रीचं. माझ्या दारात आले. "बाई, तीन दिवस तेवढं पाव्हण्याला भाकर टाका. दुसऱ्या कुणाला सांगत न्हाई."

"हाव, टाकते की," मी म्हणाले. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे लुगड्यावर पुन्हा ओघळ दिसला, आणि मी आत जाऊन कुत्री पकडणाऱ्या गाडीसाठी फोन केला.

गाडी अकराच्या सुमाराला आली. गल्लीतली बाकीची कुत्री वास लागल्याबरोबर पळाली. दोन सापडली. पाव्हणं उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली जाऊन बसलं, काही केल्या निघेना. जाळीवाला माणूस घामाघूम झाला. "बाई, तुमच्या ओळखीचं हाय का? जरा बोलवून बघा."

मी घरात गेले. त्याच्यासाठी सकाळी थापलेली भाकर डब्यात होती, ती घेऊन आले. ट्रॉलीपाशी वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला हाक मारली, "ओ पाव्हणं, या." ते आलं. शेपूट हलवत आलं, माझ्या हातातला तुकडा दातही न लावता ओठांनी घेतला, आणि वरून जाळी पडली.

इथंच थांबले असते तरी चाललं असतं. म्हणजे चाललं नसतं, पण निभावलं असतं. पण गाडीवाल्यानं वही काढली आणि विचारलं, "हे कुठलं लिहू? नसबंदीची शस्त्रक्रिया झाली की जिथून उचललं तिथंच आणून सोडावं लागतंय, नियम हाय." आठ दिवसांत ते परत येऊन त्याच लुगड्यावर सही करणार! माझ्या तोंडातून निघून गेलं, "हे इथलं नाही हो. विष्णुपुरीच्या रस्त्याला रसवंतीचं वळण आहे ना, तिथलं. भरकटत आलंय." ती रसवंती का सुचली, कुणास ठाऊक. एकदा तिथं रस प्यायले होते, एवढंच. त्यानं लिहून घेतलं. पांढऱ्या केसांची मास्तरीणबाई कशाला खोटं बोलेल!

त्या दिवशी मी भिंतीचा कोपरा पुन्हा रंगवला आणि दुपारी जेवून गाढ झोपले. वाईट वाटलं असं खोटं लिहिणार नाही. हायसं वाटलं.

दादा परतले ते माझ्यासाठी पेढे घेऊन. दारातूनच "पाव्हणं कुठं हाय?" म्हणाले. मी म्हणाले, "कालपासून दिसलं नाही." पेढा तोंडात होता माझ्या. त्यांनी सायकल काढली आणि संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरासमोर उभं राहून "ओ पाव्हणं" म्हणून हाक मारायचे, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायची.

आठवडाभरानं कुणीतरी त्यांना गाडीचं सांगितलं. कुत्र्यांची शस्त्रक्रिया करतात त्या केंद्रावर ते जाऊन आले. तिथल्या माणसानं बिचाऱ्यानं वही उघडून नीट बघितलं. आमच्या गल्लीतून दोन नेली होती, दोन्ही आणून सोडली होती, आणि ती खरोखरच गल्लीत फिरत होती. तिसऱ्याची नोंद नाही. दादा परत आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"गाडीनं न्हाई नेलं, बाई. मी दिसंना म्हणून मला हुडकायला गेलं असंल ते. चूक माझीच हाय. साखरपुड्याला गेलो नसतो तर काय अडलं असतं?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं. समोर बसले होते, गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मी चहा करायला उठले.

चहा पिताना ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्याचं चित्र काढून द्याल का? माझ्याकडं फोटू न्हाई. झेरॉक्स काढून लावतो जागोजागी." मी कागद घेतला, पेन्सिल घेतली. मान काढली, पाठ काढली, आणि कानापाशी हात थांबला. कुठला कान खाली पडलेला होता? डोळ्यावरचा डाग डावीकडं की उजवीकडं? सहा महिने रोज बघत होते, झाडू घेऊन मागं धावत होते, आणि मला काहीएक आठवेना. पोरांना तीस वर्षं ओरडत आले होते, आधी बघा, मग काढा म्हणून!

दादा शेजारी बसून सांगायला लागले. "डावा कान खाली. पूर्ण न्हाई, टोकच. डाग उजव्या डोळ्यावर, जरा नाकाकडं उतरलेला. शेपटीला वरच्या बाजूला केस कमी." ते बोलत गेले, मी काढत गेले. चित्र पुरं झालं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "हेच हाय," म्हणाले, "आता बोललं तर पुरं." खाली त्यांचा फोन नंबर घातला. नाव काय लिहायचं म्हणून मी विचारलं. "पाव्हणंच लिहा, दुसरं काय!"

तो मंगळवार होता. पुढचे चार दिवस आम्ही दोघं कणकेची खळ घेऊन कागद चिकटवत फिरलो. नाक्यावर, गिरणीपाशी, बसथांब्यावर, माझ्या त्या भिंतीवरसुद्धा. कागद चिकटवताना मला ठाऊक होतं की कुत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि मी तळहातानं कागदावरच्या सुरकुत्या काढत होते. पाहणीवाले मधेच येऊन गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी जरा हळू झाली, कुणी उतरलंही नाही.

रोज झोपताना ठरवायचे, उद्या सांगायचं. सकाळी "जयभीम, बाई" ऐकलं की जास्वंदीचं काहीतरी बोलून आत यायची. लाज वाटायची, दुसरं काही नाही. पाप केलं त्याची लाज कमी आणि ते कळेल याची जास्त, असलं माझं मन.

शनिवारी सकाळी दादांनी सायकलीच्या हँडलला पाण्याची बाटली बांधली आणि डोक्याला रुमाल गुंडाळला. ऊन तेव्हाच चटके देत होतं. कुठं निघालात, विचारलं.

"लोह्याकडं. म्हटलं, लातूरच्या बसमागं पळालं असंल. रस्त्यानं इचारत इचारत जातो."

सायकलवर! जाऊन-येऊन साठ किलोमीटर तरी, आणि माणूस सत्तरीच्या घरातला. मी फाटक धरून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. फोन, भाकर, जाळी, वही, रसवंती. काही वगळलं नाही. रडले नाही, रडायचा हक्कही नव्हता मला. दादांनी सायकल भिंतीला टेकवली. माझ्याकडं बघितलंही नाही. "रसवंती कुठली म्हणालात?" एवढंच विचारलं.

ऑटो करून गेलो. वळणावर रसवंतीवाली बाई ऊस सोलत बसली होती. दादांनी चित्र पुढं केलं. तिनं हात पुसला, कागद बघितला आणि लगेच म्हणाली, "हे व्हय! इथंच होतं की पाच-सहा दिस. ह्या खांबापाशी बसायचं. सायकलवाला दिसला की उठायचं, मागं पळायचं, मग तोंड पाडून परत यायचं. मी म्हणायची, कुणाची वाट बघून राहिलंय बाई हे!"

"आता कुठं हाय?" दादांनी विचारलं.

"परवापासून दिसंना. कुणाच्या मागं गेलं की काय, काय सांगावं. तुम्ही दोन दिस आधी का न्हाई आलाव?"

दादा खांबापाशी गेले. तिथं उभं राहून त्यांनी तीन-चार वेळा हाक मारली. मग आम्ही दुपारपर्यंत आसपासचा सगळा भाग पायाखाली घातला. मंगळवारी माझ्या ओट्यावर त्यांनी डाव्या कानाचं टोक सांगितलं, तेव्हा पाव्हणं या खांबापाशी बसलेलं होतं. बुधवारीही होतं. मी खळ कालवत होते.

परत आल्यावर फाटकापाशी दादांनी पिशवीतून उरलेले कागद काढले आणि माझ्या हातात दिले.

"आता हे तिकडं लावायचे. त्याच्यावरचा माझा नंबर खोडा, तुमचा टाका."

"माझा कशाला, दादा?"

"मी चार दिवस फोनची वाट बघितली, बाई. आता तुम्ही बघा."