तंबूबाहेर लावलेले बूट

अंटार्क्टिकाला निघण्याआधी आम्हाला हिमालयात बर्फावरचं प्रशिक्षण होतं. आमच्या बालाघाटला बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर. म्हणून मी मे महिन्यात कमरेला दोर बांधून, ट्रकचं जुनं टायर ओढत भरवेलीच्या मॅंगनीज खाणीच्या रस्त्यानं हिंडायचो. खाणीत ड्युटीवर निघालेले काका सायकल थांबवून विचारायचे, "काहून बे, बैल नाही भेटला का?"

"काका, बर्फावर सामान ओढाची प्रॅक्टिस करून राह्यलो."

"मंग मले बसव ना. वजन पडंन." आणि एक काका खरंच खाणीच्या गेटापर्यंत टायरवर बसून आले.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मोहिमेत हवामानाच्या नोंदी घेणारा हवा आहे, हे कॉलेजातल्या सरांनी सांगितलं आणि अर्जही त्यांनीच भरून घेतला. त्यामुळे नापास होऊन परत जाणं मला परवडणारं नव्हतं.

प्रशिक्षणात आम्ही चौघं एका दोराला बांधलेले होतो: अमरावतीच्या डॉक्टरताई, एक पंजाबी मेकॅनिक, एक बंगाली स्वयंपाकी आणि मी. शेवटच्या चाचणीला सकाळी सहाला चौघांनीही बर्फाच्या उताराखाली हजर राहायचं. एक जरी कमी पडला, तरी चौघांचीही मोहीम गेली.

आदल्या संध्याकाळी जेवण आटोपून बाकीचे तिघं स्लीपिंग बॅगमध्ये शिरले. तंबूत स्टोव्ह होता, शेजारी स्वयंपाक्याच्या देवीचा फोटो होता आणि त्यांना खेटून चार जोड बूट. मला ते बघवेना. बाबा खाणीतून यायचे तेव्हा बुटांवर मॅंगनीजची काळी धूळ असायची. बूट उंबरठ्याच्या आत आले, की आई ताट वाढायची नाही. मी आठही बूट बाहेर नेले, झटकले आणि ओळीनं लावले. टीमची सेवा झाली या समाधानात झोपलो.

पहाटे पाचला डॉक्टरताईंनी बूट उचलून आपटला. विटेसारखा आवाज आला.

"हे कोनं केलं बाप्पा?"

"मी, ताई."

"काहून?"

"आत सैपाक होता. देवी होती."

"देवी थंडीनं मरत नाही रे. आपण मरतो!"

स्टोव्हवर धरले तर चामडं जळालं असतं. डॉक्टरताईंनी फर्मान काढलं, बूट जॅकेटच्या आत, पोटाशी. पोटाला बर्फ लागल्यावर मेकॅनिकच्या तोंडून जे निघालं, ते इथे लिहिता येत नाही. वेळ वाचावा म्हणून आम्ही दोर मात्र आधीच बांधून घेतला. तेवढ्यात प्रशिक्षकांनी तंबूचा पडदा उचलला. चार शहाणीसुरती माणसं बूट पोटाशी धरून डुलत बसलेली.

"ये क्या हो रहा है?"

"सर, बच्चों को जगा रहे हैं," स्वयंपाकी म्हणाला.

"जूते बाहर किसने रखे?"

"चारों ने, सर," डॉक्टरताई म्हणाल्या. मी खरं सांगायला उठलो, तर मेकॅनिकने दोराला असा हिसका दिला की मी जागच्या जागी बसलो.

सहाला दोन मिनिटं कमी असताना आम्ही उताराखाली पोचलो. बूट अर्धवट मऊ झालेले, माझ्या नाड्या सुटलेल्या. पायाची बोटं आहेत की नाहीत, हे वर पोचेपर्यंत कळत नव्हतं. पण चौघंही वर पोचलो. तिथे मला राहवलं नाही. मी प्रशिक्षकांना बाजूला गाठून सगळं सांगून टाकलं.

"मालूम है," ते म्हणाले. "उस तंबू में मौसम के कॉलम भरने वाले के सिवा इतनी सीधी लाइन और कौन लगाएगा?" त्यांनी ते बूट पहाटेच्या फेरीत पाहिले होते आणि आम्ही काय करतो ते बघायला तसेच ठेवले होते.

यादीत आमची चारही नावं आली. पुढे अंटार्क्टिकात कामाची वाटणी झाली, तेव्हा माझ्या नावापुढे हवामानाच्या नोंदींखाली आणखी एक ओळ होती: सगळ्यांचे बूट आत आहेत का ते पाहणे. हे काम मी मनापासून केलं. एकदा दलप्रमुखांचा एक बूट बाहेर राहिला, तर मी त्यांना स्लीपिंग बॅगमधून उठवलं. ते कुरकुर करू लागले.

"उठा सर," डॉक्टरताई आतून ओरडल्या. "त्याची ड्युटी फक्त पाहाची हाय, तो आणून नाही देनार. तुमालेच जा लागते."