न शिवता वाजणारं वाद्य आणि माझा उजवा हात

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला एक रविवार. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला गिरगावातून परळला कांबळेकाकांच्या खोलीवर घेऊन गेले. उजवा हात मी पदराखाली घट्ट धरून ठेवला होता... तेव्हा तशी सवयच झाली होती.

(मी आता नव्वदीला टेकलेय. मी सांगतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या!)

तेव्हा मी एकवीस वर्षांची, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट. काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला आणि माझ्यापासून चार हातांवर एक माणूस कोसळला. मला साधं खरचटलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून उजवा हात जो थरथरायला लागला, तो थांबेचना.

टाइप करताना एका अक्षराच्या जागी दोन उमटायची. कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, भीती बसलीय. कचेरीतून रजा मिळाली, पण मनातून मला वाटायचं... आपलं आता संपलं.

कांबळेकाका अण्णांना सभांमुळे भेटलेले. महायुद्धात ते लष्करात वायरलेसवर होते, नंतर परळला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या भागातल्या सभांना लाउडस्पीकर तेच लावायचे.

त्यांनी रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातली आकृती बघून, जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जोडून एक वाद्य बनवलं होतं. थेरमिन. दिसायला नुसतं लाकडी खोकं... उजवीकडे एक उभी दांडी, डावीकडे वळवलेली कडी.

त्याला हात लावायचाच नाही. उजवा हात हवेतच दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो.

काकांनी एक लांब सूर काढून दाखवला आणि बाजूला झाले. "ये, बघ वाजवून."

"काका, माझा हात थरथरतो."

"मग थरथरू दे."

पहिला आवाज आला तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. दारात जमलेली चाळीतली पोरं खो खो हसली. मी हात मागे घेतला, डोळे भरून आले.

काका मात्र शांत. "पुन्हा. एका जागी उभी राहा, श्वास सावकाश घे. आणि हात थांबवायला जाऊ नकोस."

मी तसं केलं... आणि सूर हलायला लागला. गाणाऱ्याच्या गळ्यात हलतो ना, तसा. माझी ती थरथर, जिची मला लाज वाटायची, तीच त्या आवाजात होती, आणि ती चक्क गोड लागत होती.

"अगं, सरळ सूर काढला तर गिरणीचा भोंगा वाटतो," काका म्हणाले. "हात असा हलवायला मी महिनाभर शिकतोय. तुला आयतंच येतंय!"

मी हसले. कित्येक महिन्यांनी.

मग दर बुधवारी आणि रविवारी मी परळला जायला लागले. त्या वाद्यासमोर जरा हललात तरी सूर बिघडतो, त्यामुळे शरीर आपोआप निवांत व्हायचं, श्वास लांब व्हायचा. खोलीत भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, काकूंचा आल्याचा चहा, आणि माझ्या हातातून निघणारी आई म्हणायची ती अंगाई.

आई मात्र परळला कधी आली नव्हती. का, ते घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. मी तिथे चहा पिते हे मी तिला सांगितलं नव्हतं.

एका रविवारी ती अण्णांबरोबर आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. काकूंनी खुर्ची पुढे केली तरी "असू दे" म्हणाली. मी अंगाई वाजवायला लागले.

अर्ध्यावर बघते तर आई आत आलेली. खोक्याकडे डोळे लावून उभी. "मी बघू का गं वाजवून?"

तिने दांडी धरायलाच हात पुढे केला. काका साधेपणाने म्हणाले, "वहिनी, ह्याला शिवायचं नसतं. नुसता हात जवळ न्यायचा."

आईचा हात तिथेच थांबला. काकांना कदाचित काही सुचवायचंही नव्हतं... पण आईने मान खाली घातली. ती हलली नाही, त्यामुळे तो एकच सूर तेवढा वाजत राहिला.

मग तिने हात खाली घेतला, काकूंकडे वळली आणि हळूच म्हणाली, "चहा टाकता का हो थोडा?"

"टाकते की! बसा आधी," काकू म्हणाल्या. आई बसली. कप दोन्ही हातांत धरून सगळा चहा प्यायली.

चारेक महिन्यांनी मी कचेरीत परत रुजू झाले. थरथर पूर्ण गेली नाही, आजही थोडी आहे, पण अक्षरं एकेकच उमटायला लागली. आणि परळचे रविवार माझ्या लग्नापर्यंत चालू राहिले... आता निव्वळ आनंदासाठी, कधी कधी आईसुद्धा बरोबर.

काकांनी मला त्या गोळीबाराबद्दल एकदाही विचारलं नाही. हे औषध आहे, उपचार आहे, असंही कधी म्हणाले नाहीत. गेलं की एवढंच म्हणायचे, "आलीस? ये, वाजवू थोडं."

काका-काकू जाऊन खूप वर्षं झाली. आभार मानायचे तेव्हा मी मानलेच नाहीत, लाजत राहिले... म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर मानते.