स्नोब्लोअरचे सैल नट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मंडळातल्या मैत्रिणींना नाही, देवाला तर नाहीच – त्याला माहीत असेल तर असू दे, मी होऊन कशाला सांगू? आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते माझे यजमान, डॉक्टर, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा वही, आता तू ऐक.

ग्लासगोच्या बाहेर टेकडीवर आमचं घर. गेटपासून दारापर्यंत लांबलचक ड्राइव्ह, तोही खडीचा. डॉक्टर हाडांचे सर्जन. दिवसभर लोकांच्या मांड्यांत स्क्रू बसवायचे आणि घरी येऊन गार्डन ट्रॅक्टरचे पिळायचे. हिवाळ्यात त्या ट्रॅक्टरला पुढे बर्फ उपसून लांब फेकणारा स्नोब्लोअर लावायचा, हा तर त्यांचा सणच. त्या यंत्राला दोन बाजूंना लोखंडी बूट असतात. ते वरखाली सरकवून नट आवळले, की यंत्राचं तोंड जमिनीपासून किती उंच राहणार ते ठरतं. डॉक्टर खाली लाकडाचे तुकडे ठेवून बरोबर सव्वा इंच मोजायचे. म्हणजे सव्वा इंच बर्फ मागे राहणारच. का, ते त्यांनी मला दहादा सांगितलं असेल. मी दहादा ‘हं’ म्हटलं असेल.

आता माझ्याकडे बघ. वय पंचावन्न, अक्कल पंधराची. शनिवारी दुपारी संक्रांतीचं हळदीकुंकू, बावीस बायका येणार, आणि त्यात कुमुदताई. आदल्या वर्षी गेटपासून साडी सावरत येताना त्या म्हणाल्या होत्या, “तुझ्याकडे वाण घ्यायला नाही गं, ट्रेकिंगला आल्यासारखं वाटतं.” वर्षभर ते वाक्य माझ्या पोटात होतं. मला ड्राइव्ह कसा हवा होता? रांगोळी काढता येईल असा लख्ख. आणि हा माणूस अर्धवट केर काढल्यासारखा सव्वा इंच बर्फ सोडणार?

शुक्रवारी त्यांनी सगळं बसवलं. शनिवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि मी गॅरेजमध्ये – गाउनवर त्यांचा ओव्हरकोट, पायात त्यांचेच गमबूट. पाना घेतला, नट सैल केले, बूट वर सरकवले. यंत्र धप्पकन जमिनीला टेकलं. वा, म्हटलं. मग नट परत आवळले – म्हणजे लाडू वळणारे हात जेवढे आवळतात तेवढे.

पुढचं काय सांगू? बर्फ उडाला, त्याच्याबरोबर खडीही उडाली, आणि कुंपणावरून थेट शेजारच्या जीनच्या ग्रीनहाउसवर गेली. आधी एक काच. मी खिडकीतून हातवारे करतेय, इंजिनाच्या आवाजात डॉक्टरांना काही ऐकू येत नाही, ते हसून मलाच हात करताहेत – आणि मग आणखी सहा काचा. जीन स्लिपर्समध्येच बाहेर आली. शांतपणे म्हणाली, “बरं झालं डॉक्टर, मी आत नव्हते.”

डॉक्टर खाली वाकले. बूट वर गेलेले, नट नुसत्या बोटांनी फिरताहेत. मी बाहेर आले तसे म्हणाले, “अगं, आवळल्याचं मला चांगलं आठवतंय. आणि मी आवळलेच नव्हते.”

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण अडीचला बायका येणार होत्या – म्हटलं, हळदीकुंकू झाल्यावर सांगू. ते छान झालं. कुमुदताईंनी ड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या फुटक्या ग्रीनहाउसकडे बघत होत्या. मग म्हटलं, रविवारी सांगू. मग सोमवारी.

सर्जन माणसाला नट आवळल्याचं चुकीचं आठवतं, याचा अर्थ काय, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. ते आधी डोळे तपासून आले, मग डोकं. दोन्हींत काही निघालं नाही, तरी फेब्रुवारीअखेर त्यांनी ऑपरेशनं थांबवली. नुसतं क्लिनिक बघेन म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

आणि मला – हे लिहिताना अडतंय – मला ते आवडलं. ते पाचला घरी यायला लागले. गॅस बंद आहे का, दार नीट लागलंय का, “जरा बघ ना गं,” म्हणायचे. मी जाऊन बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “हो, बरोबर आहे.” तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझा शब्द शेवटचा होता. तो मी सोडणार होते थोडीच?

त्यांचे हात ठीक होते. आठवणही ठीक होती. जगात एकाच बाईला हे माहीत होतं, आणि ती रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघत होती.