आईच्या लुगड्यातली लेक

वडील गेल्यावर त्यांचा कॅमेरा घेऊन मी फोटोग्राफी सुरू केली. पहिलं काम कोंडाण्याजवळच्या एका वाडीवर मिळालं. तिथल्या एका बाईची आई वारली होती आणि भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून लेकच आईचं लुगडं नेसून माझ्यासमोर बसली. शेजारच्या म्हाताऱ्या तिला आईसारखं बसवत होत्या.

“हसतेस काय गं? तुजी आय कदी हसली हाय का?”

मी बटण दाबलं. कॅमेऱ्यातला फोटो पाहून लेकीनं हात जोडले.

“आयच हाय,” ती म्हणाली.

फोटो नेहमी वडीलच काढायचे, त्यामुळे त्यांचा फोटो आमच्याकडेही नाही. निघण्याआधी मी तिच्या हाती कॅमेरा दिला आणि वडिलांसारखा, हात मागे बांधून उभा राहिलो.