दहा हजार एकावी टाइल

तिला सगळे ‘बाकीमावशी’ म्हणत. शाळा सातवीतच सुटली, बापाच्या हाताखाली ती टाइल बसवायला शिकली; भागाकाराचा नाद मात्र काही सुटला नाही. समोरून ट्रक गेला की त्याच्या नंबराला सातानं भागणार, तेरानं भागणार, आणि बाकी उरली तर हळहळणार. “भाजी आणायला गेली होतीस की भागाकार करायला?” असं तिचा शिंपी नवरा हसत विचारायचा.

नव्या वाचनालयाच्या भिंतीचं काम तिच्याकडे आलं. दहा हजार लोकांनी स्वतःच्या हातानं एकेक टाइल रंगवून दिली होती. आडव्या शंभर, उभ्या शंभर. सांध्यांसकट दहा मीटरचा चौरस. काम सुरू होणार त्याच सकाळी जुन्या ग्रंथपालांची बायको टॉवेलात गुंडाळलेली एक टाइल घेऊन आली.

“हे गेल्या महिन्यात गेले. जायच्या आधी ही रंगवून ठेवली होती. फार उशीर झाला का?”

इंजिनिअर ओशाळला. “एक जादा होतेय हो. दाराशी लावू कुठेतरी.”

“दाराशी का म्हणून?” बाकीमावशी ताडकन म्हणाली.

“मावशी, दहा हजार एक! एक उरणारच.”

“शंभरानं भागलं तर उरणार. मी दुसऱ्या कशानं तरी भागते.”

सिमेंटच्या गोणीवर बसकण मारून तिनं खोक्याचा पुठ्ठा मांडीवर घेतला. दोन, तीन, पाच बघताक्षणीच बाद. सातानं बाकी पाच. अकरानं दोन. तेरानं चार.

“कुठवर भागणार?” इंजिनिअर म्हणाला.

“शंभरापर्यंत. दोन भाग पडणार असतील, तर त्यातला एक शंभराच्या आतच सापडायला हवा.”

एकोणीस गेला, एकतीस गेला, त्रेपन्न गेला. पुठ्ठा भरला, तिनं तो उलटा केला. ग्रंथपालांची बायको शेजारी श्वास रोखून उभी. सदुसष्टानं बाकी अठरा. एकाहत्तरानं एकसष्ट. हा आकडा मोडणाराच नसला तर? मग त्र्याहत्तर. पेन्सिल थबकली. तिनं पुन्हा गुणून पाहिलं.

“भागला! अहो, पुरता भागला! त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस!”

इंजिनिअर टेप घेऊन भिंतीकडे धावला. आडवे तेरा मीटर सत्तर, उभे सात मीटर तीस. भिंत होती चौदा मीटर लांब! “बसतंय मावशी, बसतंय!” तो तिकडूनच ओरडला.

तिनं नवऱ्याला फोन लावला. “ऐका, त्र्याहत्तरही मोडत नाही, एकशे सदतीसही मोडत नाही! म्हणजे सगळ्या एका ओळीत लावल्या नाहीत, तर या आकड्याचा आयत एकच, दुसरा होणारच नाही. आणि तोच नेमका आपल्या भिंतीत मावतोय!”

“बरं, पण जेवलीस का?”

“जेवायचं कुणाला सुचतंय इथं?”

पाच आठवड्यांत भिंत पुरी झाली. ग्रंथपालांची टाइल कुठे लावायची, ते त्यांच्या बायकोनंच ठरवलं: खालून सोळावी ओळ, तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर.